आंब्यावरचा वांडा: विदर्भाच्या उन्हात वाढणारे ऑर्किड

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या पट्ट्यात जुन्या आंब्याच्या किंवा मोहाच्या फांदीवर, जमिनीपासून दोन-तीन पुरुष उंचीवर, जाड पानांचा झुबका आणि त्याखाली लोंबणारी राखाडी मुळे पुष्कळांनी पाहिलेली असतात, परंतु त्या झुबक्याला फुले येतात याकडे फार थोड्यांचे लक्ष गेलेले असते. उन्हाळा सरताना आणि पहिल्या पावसाच्या सुमारास पानांच्या बेचक्यातून वीतभर लांबीचा दांडा निघतो व त्यावर पाच-सहापासून दहा-बारापर्यंत फुले उमलतात. फूल साधारण चार-पाच सेंटीमीटर रुंद असते. पाकळ्या पिवळसर हिरव्या, त्यांवर तपकिरी रेघांची चौकटीदार नक्षी, मागची बाजू पांढुरकी, आणि मधली खालची पाकळी निळसर जांभळी. फुलाला गोड वास असतो आणि झाडावर ते दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकते. रंगाच्या बाबतीत मात्र दोन झाडे सहसा सारखी निघत नाहीत. एकाच आमराईत गर्द तपकिरी आणि जवळजवळ पिवळी अशी दोन्ही फुले पाहायला मिळतात.

या ऑर्किडचे शास्त्रीय नाव वांडा टेसेलाटा. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींचे वर्णन करताना १७९५ मध्ये त्याची नोंद केली, आणि १८२० मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी वांडा हा सगळा गट उभा केला तो याच वनस्पतीच्या आधारावर. आज परदेशी रोपवाटिकांतून निळ्या, गुलाबी आणि शेंदरी फुलांचे जे संकरित वांडा जगभर जातात, ते ज्या नावाने ओळखले जातात त्या नावाचा पहिला मानकरी आपल्या धुऱ्यावरच्या आंब्यावर राहतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. भारताखेरीज श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश आणि म्यानमार येथेही तो आढळतो. उन्हाळ्यात निष्पर्ण होणाऱ्या झाडांवर, म्हणजे थेट उन्हाच्या झळा सोसत, जगण्याची त्याची सवय आहे.

हे लिहिण्याचे कारण असे की अलीकडे आमच्या भागातही लोक शहरातून ऑर्किडच्या कुंड्या विकत आणतात. त्या बहुतेक फॅलेनॉप्सिस किंवा संकरित डेंड्रोबियमच्या असतात, दमट हवेत वाढवलेल्या असतात, आणि एप्रिलच्या मध्यापासून जो कोरडा वारा सुटतो त्यात त्या टिकत नाहीत. मग ऑर्किड हे आपल्या हवेचे काम नव्हे असा समज पक्का होतो. हा समज मला खोडून काढायचा आहे. ज्या चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, त्याच जिल्ह्याच्या जंगलात वांडा पिढ्यान्‌पिढ्या वाढतो आहे. त्याला काचघर लागत नाही, पंखे लागत नाहीत, महागडे माध्यमही लागत नाही. त्याची मुळे मोकळ्या हवेत असावीत, ती पूर्ण भिजावीत आणि भिजल्यानंतर काही तासांत कोरडी व्हावीत, एवढीच त्याची मागणी आहे. पुढचे सर्व सांगणे या एका मागणीभोवतीच फिरणार आहे, कारण वांडा मरतो तो बहुधा ती न पाळल्यामुळे मरतो, आणि त्यातही पाण्याअभावी मरण्यापेक्षा सतत ओल्या मुळांमुळे अधिक मरतो.

त्याआधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आमच्याकडे झाडावर वाढणाऱ्या सगळ्याच वनस्पतींना बांदा म्हणण्याची रीत आहे. आंब्याच्या फांदीत मुळे खुपसून त्याचा रस शोषणारे खरे बांडगूळ आणि सालीला नुसते धरून बसलेला वांडा हे दोन्ही त्यात येतात. आमराईची साफसफाई करणारा माणूस कोयत्याने दोन्ही तोडून टाकतो, आणि विचारले तर सांगतो, ‘भाऊ, हा बांदा होय, झाडाले खाऊन टाकते.’ बांडगुळाच्या बाबतीत त्याचे म्हणणे अगदी बरोबर आहे आणि ते तोडलेच पाहिजे. वांडा मात्र झाडाचे काहीही घेत नाही. पावसाचे पाणी, सालीच्या भेगांत साचलेली धूळ, कुजलेली पाने आणि पाखरांची विष्ठा यांतून त्याला जे मिळते त्यावर तो जगतो. दोघांतला फरक ओळखणे सोपे आहे. बांडगुळाला फांद्या फुटतात, त्याची पाने आंब्याच्या पानांत मिसळून जातात आणि जिथे ते चिकटलेले असते तिथे फांदीला गाठ आलेली असते. वांड्याचे एकच खोड सरळ वर वाढते, त्याची पाने दोन्ही बाजूंना एकाआड एक अशी बसलेली आणि मध्यशिरेवर दुमडलेली असतात, पानाचे टोक वेडेवाकडे दातेरी असते, आणि मुळे सालीच्या बाहेरच राहतात. हा फरक गावातल्या प्रत्येक आमराईवाल्याला माहीत झाला तर कित्येक झाडे वाचतील.

रोप मिळवायचे कुठून, हा प्रश्न लागवडीच्या पद्धतीइतकाच महत्त्वाचा आहे. जंगलातल्या झाडावरून वांडा ओरबाडून आणणे हे चूक आहे, आणि बेकायदाही आहे. राखीव वनातून कोणतेही वनोपज विनापरवाना काढण्यास १९२७ चा भारतीय वन अधिनियम मनाई करतो. ताडोबा, नवेगाव किंवा मेळघाटसारख्या संरक्षित क्षेत्रांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियमही लागू होतो. शिवाय ऑर्किडचे संपूर्ण कुळ आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटस कराराच्या कक्षेत येते. ओरबाडलेल्या रोपाची निम्मी मुळे सालीवरच राहतात आणि उरलेली मधोमध मोडतात, त्यामुळे असे रोप घरी येऊन जगण्याची शक्यताही कमीच असते.

वांड्यावर आणखी एक संकट आहे ते औषधाच्या नावाने. रास्ना म्हणून आयुर्वेदात जे द्रव्य सांगितले आहे ते नेमके कोणते, याबद्दल प्रदेशाप्रदेशांत मतभेद आहेत. उत्तरेकडे प्लुचिया लॅन्सिओलाटा या झुडपाचा भाग वापरतात, दक्षिणेत कुलिंजनाचे कंद, आणि बंगालच्या बाजूला वांड्याची मुळे. वातविकारावरचे औषध म्हणून वांडा गोळा करणारे लोक आपल्याकडेही आहेत आणि ते मुळांसकट सगळे झाड नेतात. बीपासून फुलावर येण्यास बरीच वर्षे घेणारी वनस्पती अशा पद्धतीने गोळा केली गेली तर ती टिकणार नाही, हे उघड आहे. रास्नेचे अन्य पर्याय उपलब्ध असताना तरी वांड्याला यातून वगळावे असे माझे ठाम मत आहे.

योग्य मार्ग तीन आहेत. पहिला, आपल्या मालकीच्या किंवा शेजाऱ्याच्या आमराईत वादळाने फांदी मोडली अथवा झाड पडले, तर त्यावरचा वांडा उचलणे. रस्ता रुंदीकरणात आणि वीटभट्ट्यांच्या सरपणासाठी आमच्या भागातली जुनी झाडे मोठ्या प्रमाणावर तोडली जातात, आणि त्यांच्यावरचे वांडे जमिनीवर पडून काही आठवड्यांत कुजतात. तिथे संबंधित अधिकाऱ्याची परवानगी घेऊन ते सोडवून आणणे हे सत्कार्यच आहे. दुसरा मार्ग सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांसाठी आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातील अनेक गावांना तो मिळाला. अशा ठिकाणी पडलेल्या फांदीवरच्या रोपाबद्दलही आधी ग्रामसभेला विचारावे, आणि जमल्यास ते रोप घरी न नेता तिथल्याच उभ्या झाडावर परत बांधावे. तिसरा मार्ग म्हणजे प्रयोगशाळेत बीपासून वाढवलेली रोपे रोपवाटिकेतून विकत घेणे. ही रोपे लहान असतात आणि संयम मागतात, पण ती कोणाच्या जंगलातून आलेली नसतात.

रोप हाती आले की प्रथम त्याची मुळे पाहावीत. वांड्याचे मूळ साधारण पेन्सिलीच्या जाडीचे असते आणि त्याचा आतला वाहक भाग एखाद्या तारेएवढाच असतो. बाकी सगळी जाडी वेलामेन नावाच्या मृत, पोकळ पेशींच्या आवरणाची. कोरडेपणी या पेशींत हवा भरलेली असते म्हणून मूळ चांदीसारखे पांढुरके दिसते. पाऊस पडताच हे आवरण टीपकागदासारखे पाणी ओढून घेते, पारदर्शक होते आणि आतला हिरवा थर दिसू लागतो. म्हणजे भिजलेले मूळ हिरवे आणि कोरडे मूळ पांढरे, हे वांडा पाळणाऱ्याचे सगळ्यात विश्वासू मोजमाप आहे. मूळ दिवसचे दिवस ओले राहिले तर या आवरणाला हवा मिळत नाही, त्यात बुरशी शिरते आणि ते मऊ पडून सुटून येते. आत नुसता दोरा उरतो. अशी पोकळ झालेली मुळे बोटांनी दाबल्यावर लगेच कळतात. ती जाळावर धरून घेतलेल्या धारदार पात्याने कापावीत आणि कापलेल्या टोकाला किंचित दालचिनीची पूड लावावी. घट्ट, भरीव मुळे कितीही वेडीवाकडी असली तरी एकही कापू नये.

पानांची रीतही समजून घेण्यासारखी आहे. बहुतेक वनस्पती दिवसा पानांवरची रंध्रे उघडून हवेतला कर्बवायू घेतात. वांडा दिवसा ती मिटून ठेवतो आणि रात्री उघडतो. निवडुंगाची आणि अननसाची पद्धतही हीच. भर उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे, आणि वैशाखात हे झाड उघड्या फांदीवर तग धरते ते तिच्याच जोरावर. आपल्यासाठी त्यातून निघणारी गोष्ट अशी की संध्याकाळनंतर झाडाभोवतीची हवा थोडी गार आणि दमट असेल तर वांड्याची वाढ चांगली होते. म्हणून उन्हाळ्यात त्याच्याखालची जमीन सायंकाळी शिंपून ठेवणे हे झाडावर पाणी मारण्याइतकेच उपयोगी ठरते.

लागवडीची उत्तम पद्धत म्हणजे जिवंत झाडावर बांधणे. आंबा, मोह, जांभूळ, चिंच, बाभूळ किंवा शिरीष यांसारखे खरबरीत, न गळणाऱ्या सालीचे झाड निवडावे. पेरू, निलगिरी, अर्जुन आणि कुलू यांची साल पापुद्र्यांनी सुटते, त्यामुळे मुळांनी धरलेली पकड त्यांच्यावर टिकत नाही. साग मला या कामासाठी पसंत नाही. पावसाळ्यात त्याची रुंद पाने सगळा उजेड अडवतात आणि उन्हाळ्यात तो पूर्ण उघडा पडतो. खोडाची पूर्व किंवा ईशान्य बाजू घ्यावी, म्हणजे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारी तीननंतरची पश्चिमेची झळ खोडाआड राहते. जमिनीपासून किमान सहा-सात फूट उंची हवी, कारण शेळ्या वांड्याची पाने आवडीने खातात. मोहाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आहे. फुले वेचणे सोपे जावे म्हणून मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालचा पालापाचोळा पेटवून देण्याची सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे, आणि त्या धगीने खालच्या बाजूचे वांडे करपून जातात. त्यामुळे ज्या मोहाखाली आग लावली जात नाही असाच मोह निवडावा.

बांधण्याची वेळ मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतरची. याच सुमारास मुळांना नवी, हिरवी किंवा जांभळट टोके फुटतात, आणि सालीला चिकटण्याचे सामर्थ्य फक्त या वाढत्या टोकांतच असते. जुनी मुळे कितीही दाबून बांधली तरी नव्याने चिकटत नाहीत. रोप खोडावर सरळ उभे धरून, शेंडा किंचित बाहेर झुकेल असे ठेवून, जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीने किंवा जाड सुतळीने दोन ठिकाणी घट्ट बांधावे. रोप हलत राहिले तर नवी टोके घासून मोडतात, म्हणून बांधणीत कसूर नको. सुती पट्टी एक-दोन पावसाळ्यांत आपोआप कुजून जाते आणि तोपर्यंत मुळांनी पकड घेतलेली असते. तार किंवा नायलॉनची दोरी वापरली तर ती पुढे आठवणीने काढावी लागते, नाहीतर झाडाच्या सालीत रुतते. रोपाखाली माती, शेण किंवा खताचा गोळा बांधू नये. नारळाच्या काथ्याचा एक पातळ थर पहिल्या वर्षापुरता चालतो, पण मुळे त्याने गुंडाळून टाकू नयेत.

ज्यांच्या सांदवाडीत योग्य झाड नाही त्यांच्यासाठी मला सर्वांत आवडलेला आधार आहे तो कवेलूचा, म्हणजे छपरावरच्या कौलाचा. आमच्याकडे घरोघरी स्लॅब पडत आहेत आणि उतरवलेली जुनी नळीची कवेलू घरामागे रचून ठेवलेली असतात. भाजलेल्या मातीचे हे कवेलू सच्छिद्र असते, पाणी शोषून हळूहळू सोडते, त्याचा पृष्ठभाग मुळांना धरण्याजोगा खरबरीत असतो आणि ते कुजत नाही. वरच्या कडेजवळ ड्रिलच्या बारीक बिटाने पाणी टाकत-टाकत सावकाश भोक पाडावे, कवेलू दिवसभर पाण्यात बुडवून ठेवावे, त्याच्या फुगीर बाजूवर रोप बांधावे आणि गॅल्व्हनाइज्ड तारेने उभे टांगावे. नवी मुळे दोन्ही बाजूंनी कवेलूला वेढून घेतात. लाकडाच्या पट्ट्यांची टोपलीही चांगली. तिच्यात बाभळीच्या कोळशाचे मोठे तुकडे आणि विटेचे खडे सैलसर ठेवावेत, भरू नयेत. बुरडाकडून विणून घेतलेली बांबूची टोपली दिसायला सुंदर असते, परंतु ती लवकर कुजते आणि तोवर मुळे तिच्यात अडकलेली असतात, त्यामुळे ती बदलताना मुळांचे नुकसान होते. मातीच्या कुंडीत मात्र वांडा कधीही लावू नये.

आता पाण्याविषयी, आणि हा भाग विदर्भासाठी वेगळा सांगणे भाग आहे, कारण ऑर्किडसंबंधीचे बहुतेक लेखन कोकण, केरळ किंवा ईशान्येकडील दमट हवा गृहीत धरून केलेले असते.

जून ते सप्टेंबर या काळात उघड्यावर असलेल्या वांड्याला आपण पाणी देण्याची गरज नाही. गडचिरोलीच्या बाजूला या चार महिन्यांत पाऊस भरपूर होतो आणि दोन सरींमधला वारा मुळे सुकवतो. पावसाची लांब उघाड पडली, मुळे दोन-तीन दिवस सलग पांढरी दिसली, तरच एकदा पाणी द्यावे. या दिवसांतली काळजी उलटी आहे. पत्र्याच्या किंवा छपराच्या पाण्याची धार शेंड्यावर पडू देऊ नये, कारण शेंड्याच्या पोंग्यात पाणी साचून राहिले आणि वर ढगाळ उकाडा असला तर शेंडा कुजतो. वांडा एकाच शेंड्याने वाढतो. तो गेला की झाडाला नव्या फुटव्याची वाट पाहावी लागते आणि त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जाते.

पाऊस परतल्यावर, दिवाळीच्या आसपासपासून, एक दिवसाआड पाणी पुरते. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा झाडाची वाढ जवळजवळ थांबलेली असते, म्हणून आठवड्यातून दोनदा, ऊन तापल्यानंतर, पाणी द्यावे आणि संध्याकाळपर्यंत मुळे कोरडी होतील हे पाहावे. थंडीत रात्रभर ओली राहिलेली मुळे हमखास बिघडतात. जंगलातला वांडाही या दिवसांत पाण्यावाचूनच असतो. पहाटेचे दव एवढाच त्याचा आधार. त्यामुळे पाने थोडी सुरकुतली तरी घाबरून पाणी वाढवू नये.

खरी परीक्षा मार्चनंतर सुरू होते. झाडावर पूर्ण पकड घेतलेला जुना वांडा उन्हाळा स्वतःच्या बळावर काढतो. पण नव्याने बांधलेल्या आणि कवेलूवर टांगलेल्या रोपांना पहिले दोन उन्हाळे आपल्या आधाराची गरज असते. मार्च-एप्रिलमध्ये रोज पहाटे मुळे हिरवी होईपर्यंत भिजवावीत. नुसता फवारा मारल्याने मुळे वरून ओली होतात आणि लगेच सुकतात, तेवढे पुरत नाही. टांगलेले कवेलू उतरवून बादलीत दहा-पंधरा मिनिटे बुडवणे ही सर्वांत खात्रीची रीत. मे महिन्यात आणि विशेषतः २५ मेपासून सुरू होणाऱ्या नवतपाच्या, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत सकाळचे बुडवणे चालू ठेवून सूर्य मावळल्यावर मुळांवर आणि आसपासच्या जमिनीवर आणखी एकदा पाणी मारावे. दुपारी अकरा ते पाच या वेळेत पाणी देऊ नये, कारण गच्चीवरच्या टाकीतले पाणी त्या वेळी कढत असते आणि त्याने मुळांची टोके भाजतात. रांजणाजवळ किंवा भांडी घासण्याच्या जागेवर, जिथे जमीन सतत ओली असते, तिथे रोपे टांगली तर हवेतला कोरडेपणा बराच सुसह्य होतो.

पाणी कोणते, हेही पाहावे लागते. आमच्या भागातील पुष्कळ बोअरवेलचे पाणी जड आहे. भांड्यावर पांढरा थर धरणारे पाणी मुळांवरही तसाच थर धरते आणि नवी टोके तपकिरी होऊन थांबतात. पावसाचे साठवलेले पाणी सर्वोत्तम, ते संपल्यावर बोडीचे (लहान तळ्याचे) किंवा मामा तलावाचे (जुन्या मालगुजारी तलावाचे) गाळून घेतलेले पाणी चालते. बोअरचेच पाणी वापरणे भाग असेल तर उन्हाळ्यात जमलेला क्षार पहिल्या पावसात धुऊन जाईल अशा रीतीने रोपे उघड्यावर टांगावीत.

उजेडाच्या बाबतीत पानांचा रंग पाहून निर्णय घ्यावा. पाने गर्द हिरवी, लांब आणि लुळी झाली असतील तर सावली जास्त आहे आणि अशा झाडाला फुले येत नाहीत. पानांवर किंचित पिवळसर झाक आणि कडेला जांभळट छटा असेल तर उजेड योग्य आहे. पांढरे, सुकलेले डाग पडले तर ऊन भाजते आहे. फेब्रुवारीपर्यंत सकाळचे चार-पाच तास ऊन चालते. त्यानंतर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी लावावी, किंवा उन्हाळ्यात अंगणात आपण जांभळीच्या फांद्यांचा जो मांडव घालतो त्याखाली रोपे हलवावीत. मांडवाचे तुटक कवडसे जाळीपेक्षा मला अधिक चांगले वाटतात, कारण त्याखाली हवा खेळती राहते.

खताचा फार विचार करू नये. कृषी केंद्रात मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत आठवड्यातून एकदा, मुळे आधी साध्या पाण्याने भिजवून मग द्यावे. हिवाळ्यात आणि भर उन्हाळ्यात खत बंद ठेवावे. झाडावर बांधलेल्या वांड्याला तेही लागत नाही.

किडींपैकी पावसाळ्यातल्या गोगलगाई सर्वांत त्रासदायक, कारण त्या रात्री येऊन मुळांची कोवळी टोकेच खातात आणि त्या हंगामाची वाढ थांबते. रात्री बॅटरी घेऊन त्या वेचण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसली तर ओल्या कापसाने पुसून काढावी आणि नंतर पातळ निंबोळी अर्क सूर्यास्तानंतर फवारावा. उन्हात फवारल्यास पाने करपतात. शेंडा मऊ पडू लागला तर पाणी त्वरित थांबवून मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात फवारावे आणि रोप वाऱ्यात टांगावे. वानरांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. ती फुलांचे दांडे खुडतात, म्हणून कळ्या दिसू लागल्यावर टांगलेली रोपे घराच्या जाळीच्या ओसरीत घ्यावीत.

झाड जुने झाले की खालची पाने गळून खोड उघडे पडते आणि वरच्या भागातून नवी मुळे येतात. वरच्या भागाला किमान तीन-चार चांगली मुळे आली असतील तर पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्याखाली छाट घेऊन तो भाग वेगळा बांधता येतो. उरलेला बुंधा टाकून देऊ नये. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याला बाजूने फुटवे येतात. घरच्या घरी रोपे वाढवण्याची व्यवहार्य पद्धत ही एवढीच.

बी पेरून वांडा उगवत नाही, असे लोक म्हणतात ते निम्मे खरे आहे. परागीभवन झालेल्या फुलामागे कंगोरेदार, बोटाएवढी लांब शेंग धरते आणि तिच्यात पिठासारखे बारीक असंख्य बी असते. या बियांत अंकुराला पुरेल असा अन्नाचा साठाच नसतो, म्हणून निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. ही गोष्ट नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकाने १८९९ मध्ये दाखवून दिली. पुढे १९२२ मध्ये लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर (जेलीसारख्या माध्यमावर) बुरशीविना ऑर्किडचे बी उगवून दाखवले, आणि आजच्या प्रयोगशाळांत बीपासूनची रोपे त्याच वाटेने तयार होतात. सिक्कीममधील पाकयोंग येथे १९९६ पासून राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र काम करते. विदर्भातही कृषी आणि विज्ञान महाविद्यालयांत ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळा आहेत, आणि केळीच्या रोपांसाठी उभारलेल्या या सोयीत स्थानिक वांड्याची रोपे तयार करणे अशक्य नाही. कोणी असे काम हाती घेतले आणि आपल्या झाडाला शेंग धरलेली असेल, तर ती तडकण्यापूर्वी, हिरवी असतानाच, दांड्यासकट कापून कोरड्या कागदात गुंडाळून त्यांच्याकडे द्यावी. न तडकलेल्या शेंगेच्या आतले बी निर्जंतुक असते आणि त्यामुळे प्रयोगशाळेतले काम पुष्कळ सोपे होते. एका झाडावर एकापेक्षा अधिक शेंगा धरल्या असतील तर एकच काढावी आणि बाकीच्या जागेवर पिकू द्याव्यात, कारण वाऱ्याने उडालेल्या बियांपैकी एखादे शेजारच्या आंब्यावर, जिथे जुना वांडा आणि त्याच्या मुळांतली बुरशी आधीच आहे तिथे, रुजू शकते.